हलकी वीणा

नेवासे, वैशाख वद्य दशमी.

उद्या पहाटे सप्ताहाची वीणा माझ्या गळ्यात यायची आहे. पहारा संपेपर्यंत ती खाली टेकवता येत नाही, देवळातली वीणा सागवानी, जड, आणि माझा उजवा खांदा वर्षभरापासून निकामी होत चालला आहे. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. सुनेने, मंदाने, ओळखले. परसातला भोपळा वाळवून, शिवणीच्या लाकडाचा दांडा स्वतः तासून तिने घरीच नवी वीणा केली आणि आज अंगणात चार जणांदेखत माझ्यापुढे धरली.

"मामा, उचलून तर बघा. लई हलकी झालीया."

हलकी! शेजारचा भिका लगेच म्हणाला, "बुवा, आता वीणाच तुमाला सांभाळंल!" सगळे हसले.

मी तार छेडली. सूर उत्तम होता. तो ऐकूनही तार चढवण्याच्या निमित्ताने मी खुंटी पिळत गेलो. आणखी. आणखी. भोपळ्याला तडा गेला तेव्हाच थांबलो, आणि म्हणालो, "करणाऱ्या हाताला वळण नसले की असेच व्हायचे."

"मोडायचीच हुती तर आधी सांगायचं, मामा," मंदा म्हणाली. "चुलीला तरी लावली आसती."

आधीच का थांबलो नाही? ती जड असती तर मी मोडली नसती.

जेवताना मंदाने सर्वांसमोर माझ्या डाव्या हाताशी चमचा ठेवला. मी हट्टाने उजव्या हातानेच घास उचलला. तो मांडीवर सांडला.

या वेळी कोणी हसले नाही.