'आपण' कुठे गेलं?

४ नोव्हेंबर
सकाळी चहा देताना ह्यांना विचारलं, "आज जेवायला काय करू?" तर म्हणाले, "आम्ही सोमवारी मुगाची खिचडी खातो." आम्ही! इतकी वर्षं खिचडी रांधते मी, आणि मलाच पाहुणीसारखं सांगतात. आठवडाभर हेच चाललंय. 'आपण' म्हणून तोंडातून निघत नाही.

५ नोव्हेंबर
डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "माताजी, अभी बोल तो रहे हैं, यही बहुत है." विस्मरण वाढत जाणार म्हणे. त्यांच्या तपासणीत वार विचारतात, महिना विचारतात. आपण-आम्ही कोण विचारणार!

८ नोव्हेंबर
श्रुतीचा फोन. लेक म्हणाली, "आई, हिंदी में तो दोनों के लिए हम ही है. तू इतकं दिल पे का घेते?" चिडले तिच्यावर. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिचं तरी काय चुकलं?

पण तिला कसं सांगू — लग्न होऊन पहिल्यांदा ग्वाल्हेरला आले, तेव्हा स्टेशनाजवळ पडावला टांग्याची वाट बघत मुसमुसत उभी होते. माहेर मागे राहिलेलं, इथलं कुणी ओळखीचं नाही. ह्यांनी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "चल शरयू, आपण घरी जाऊ." ते घर मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तरी रडू थांबलं. त्या एका शब्दावर मी इथे संसार केला.

९ नोव्हेंबर
मीच विचारलं, "आपण जरा फिरून येऊ या का?" म्हणाले, "आम्ही संध्याकाळी जातो." भांडी आदळली मी. मग स्वतःचाच राग आला. आजारी माणसावर कसला रुसवा!

१२ नोव्हेंबर
देवाला एवढंच मागितलं — मरायच्या आधी एकदा ऐकू दे.

१४ नोव्हेंबर
ऐकू आलं! पोळ्या लाटत होते. बाहेरून हाक — "आपण..." तवा तसाच टाकून धावले. हे खुर्चीतून उठून उभे होते, अदबीने हात जोडून. "आपण बसा ना. शरयू दाल बाजारला गेली आहे, येईलच एवढ्यात. तिच्याशिवाय आम्ही जेवत नाही."

म्हणजे त्या 'आम्ही'त मी होतेच.

बसले. दोघं मिळून शरयूची वाट बघत राहिलो.