कॅरिअर काढून देण्याबाबत

तीर्थस्वरूप कल्याणमामांना तृप्तीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, सायकलवर बसायला एक टांग टाकावी लागते. मग सायकल घेऊन घराबाहेर पडायला सगळं घर, शेजारची दोन घरं आणि निम्मी सकाळ का लागते? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. (घरातली पहिली पदवीधर मी. बाकीच्यांना न येणारी उत्तरं मला येत असणार अशी सगळ्यांची समजूत आहे, आणि निकालानंतर आठवडाभर माझीही होती.)

प्रश्न आधी आणि खुशाली नंतर, असं उलटं झालं खरं. तुमची कंबर आता कशी आहे? मस्तगडच्या दुकानात दिवसभर उकिडवं बसून पंक्चर काढू नका, बुडाखाली स्टूल घ्या, असा आईचा निरोप आहे. मामींचा खोकला गेला का? इकडे दादा, म्हणजे तुमचे दाजी, बरे आहेत, म्हैस व्याली, आणि आई ठणठणीत आहे. आई इतकी ठणठणीत आहे की त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. फोन केला असता, पण आपल्या घरात फोन स्पीकरवरच बोलायचा असतो आणि आई शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते. शेजारचा राधेश्याम बियाण्यासाठी जालन्याला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते.

निकालाच्या दिवशी तुम्ही दुकानातली नवी सायकल पाठवलीत, तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट आहे. अंबडला बायकांचा एक सायकल ग्रुप आहे. कोर्टात वकिली करणाऱ्या सुरुची मॅडम तो चालवतात. दर रविवारी सकाळी सहाला बसस्टँडपासून निघायचं आणि लांबवर जाऊन परत यायचं. काम नाही, बाजार नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसतं जायचं आणि यायचं. मामा, मला हे फार थोर वाटलं. आपल्याकडची बाई गावाबाहेर पडते ती दवाखान्यासाठी, लग्नासाठी नाहीतर मयतीसाठी. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीनं आणि काहीही कारण नसताना बाहेर पडणं ही माझ्या मते स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. (हे वाक्य मी जेवताना म्हटलं तेव्हा दादांनी ताटातून वर पाहिलं आणि पुन्हा वरण घेतलं.) महिन्याच्या शेवटच्या रविवारी या ग्रुपची मोठी राईड असते, आणि या वेळची थेट जालन्याला, शेवट मस्तगडला आहे. म्हणजे तुमच्या दुकानासमोर! पण तिला जाता येतं ते ज्यांनी त्या महिन्यात एक तरी छोटी राईड वेळेवर येऊन पूर्ण केली त्यांनाच. मला तुमच्या दुकानासमोर सायकलवरून उतरायचं आहे, हेल्मेट काढायचं आहे आणि अनोळखी गिऱ्हाइकासारखं "जरा हवा बघता का?" म्हणायचं आहे. एवढीच माझी इच्छा आहे. तिच्या आड तुमची बहीण उभी आहे.

पहिल्या रविवारचं सांगते. पहाटे उठले, तोंड धुतलं, बूट घातले आणि खुंटीवरचं हेल्मेट घ्यायला गेले, तर खुंटी रिकामी. हेल्मेट चुलीशेजारी उताणं ठेवलेलं होतं आणि त्यात ओल्या फडक्यात मटकी बांधलेली होती. आईला विचारलं तर म्हणाली, "भोकं किती बराबर हायेत त्याला! हवा खेळती राहती. एका रातीत मोड बघ कसे आले." मोड खरंच चांगले आले होते, हे मला विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मान्य करावं लागलं. मटकी पातेल्यात काढली, हेल्मेट पुसलं आणि डोक्यावर घातलं. (दिवसभर डोक्याला उसळीचा वास होता.) पाण्याची बाटली दादा रात्रीच शेतात पाणी द्यायच्या पाळीला घेऊन गेले होते, कारण ती उपडी केली तरी सांडत नाही, असं त्यांना आढळून आलं आहे. शेवटी तांब्यातलं पाणी पोटात भरूनच निघाले. फाटकापाशी येते तोच शेजारच्या सोनूबाई काकू झाडता झाडता म्हणाल्या, "कुठं चालून राह्यलीस गं एवढ्या जल्दी?"

झालं! निघणाऱ्या माणसाला 'कुठं' विचारलं की तुमची बहीण काय करते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला परत आत नेलं, पाटावर बसवलं, गूळ दिला, पाणी दिलं आणि थोडा वेळ गप्प बसायला लावलं, म्हणजे टोकलेलं उतरतं. मी म्हटलं, आई, याला शास्त्रीय आधार नाही. ती म्हणाली, बसायला आधार लागत न्हाई, बस. मी बसले.

दुसऱ्यांदा निघाले तर तिनं सायकलचं कॅरिअर धरलं. मामा, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. घरापासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेत दगड आहेत म्हणून ती कॅरिअर धरून मागून चालते. मी पायडल मारलं की ती पळते. मी थांबले की तीही थांबते. "सोड आता" म्हटलं की सोडते आणि परत धरते. एक हात पदराला, एक हात कॅरिअरला, अशी ती पार सडकेपर्यंत येते, आणि सायकल सोडायच्या आधी तिला हमखास काहीतरी आठवतं. त्या दिवशी सोडायच्या बोलीवर अंबडच्या मावशीसाठी मोडाची मटकी दिली. बसस्टँडला पोहोचले तेव्हा ग्रुप कधीच निघून गेला होता. मटकी तेवढी वेळेवर पोहोचली.

सुरुची मॅडमना फोन करून अडचण सांगितली. फार चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, अगं सोपं आहे, आदल्या रात्रीच सगळं एका जागी काढून ठेवायचं. कपडे, बूट, हेल्मेट, बाटली, सगळं दाराशी. सकाळी विचारच करायचा नाही, उचलायचं आणि निघायचं. मला हे इतकं पटलं की मी टोमॅटोचं एक रिकामं क्रेट धुऊन दाराशी ठेवलं आणि घरात जाहीर केलं, की या क्रेटमध्ये आहे ते रविवारी सकाळी माझ्याबरोबर अंबडला जाणार आहे, कृपया कुणी हात लावू नये.

आता वाटतं, वाक्याचा दुसरा भाग तेवढा म्हणायला हवा होता. मॅडमच्या घरी असं क्रेट ठेवलं तर त्यात मॅडमचंच सामान राहत असेल. आपल्या वस्तीवर तयार सायकल आणि दाराशी सामान दिसलं, याचा अर्थ कुणीतरी तालुक्याला निघालंय. आणि कुणी तालुक्याला निघालं असेल तर त्याला मोकळ्या हातानं कसं जाऊ द्यायचं, बरं दिसतं का ते! सकाळी क्रेट उचलायला गेले तर उचलेना. बुटांवर सोनूबाई काकूंचा शिट्टी न होणारा कुकर होता. बाटलीच्या जागी पलीकडच्या घरातल्या मच्छिंद्रकाकांच्या पंपाचा वायसर (वॉशर), नमुना म्हणून, 'असाच पाहिजे' असं बजावून ठेवलेला. माझ्या टी-शर्टात गुंडाळून दादांचा चष्मा होता, दांडी बसवायला. हात मात्र खरंच कुणी लावला नव्हता, फक्त वरून ठेवलं होतं.

मी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. आई म्हणाली, "एवढं शिकलीस आन् एक कुकर न्यायचा जड झाला व्हय? तू तर चाललीच हायेस ना?" मामा, मी जाण्यासाठी जाते आहे, हे मी तिला तीन प्रकारे समजावून सांगितलं. ती समजल्यासारखी मान हलवत होती आणि कुकर सुतळीनं कॅरिअरला बांधत होती.

त्या रविवारी ग्रुप मला वाटेत भेटला, तो परत येताना. सगळ्या थांबल्या, खूप कौतुक केलं, एकत्र फोटो काढला. फोटोत बाकीच्या बायका आहेत, मी आहे आणि मध्यभागी कुकर आहे. त्या सगळ्यांच्या सायकली मी नीट पाहून घेतल्या, आणि तिथंच रस्त्यावर मला रोगाचं मूळ सापडलं. एकाही सायकलला कॅरिअर नाही! आपल्या सायकलला मात्र तुम्ही स्वतः बसवून दिलेलं, गॅसची टाकी सहज राहील असं, दणकट कॅरिअर आहे. कॅरिअर नसेल तर कुकर बांधायला जागा नाही, मटकी अडकवायला जागा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला धरायला जागा नाही.

तरी मामा, कळकळीची विनंती अशी, की जालन्याच्या राईडच्या आत एकदा येऊन हे कॅरिअर काढून द्यावं. तुम्ही आवळलेले नट दादांनाही हलले नाहीत, म्हणून तुम्हाला तसदी. आईला यातलं काही बोलू नये. उद्या तिसरा रविवार आहे आणि माझी शेवटची संधी आहे. उद्यापुरता मी एक उपाय योजला आहे, तो इथे लिहीत नाही, कारण आई दोनदा डोकावून गेली, 'मामाला काय एवढं लिहून राह्यलीस?' म्हणून.

मामींना नमस्कार, छोट्या पार्थला आशीर्वाद, आणि तुम्ही स्टूल घ्या.

तुमची, वेळ पाळण्यावर अजूनही विश्वास असलेली भाची,
तृप्ती

ता. क. रविवार, दुपार. राधेश्याम गेला नाही. म्हणतो दुकानं बंद असतील. म्हणून चार ओळी वाढवते. उपाय यशस्वी झाला! बूट घालूनच झोपले होते. हेल्मेट पांघरुणात घेतलं होतं. फाटकाच्या बिजागरीला काल खोबरेल लावून ठेवलं होतं. आई उठायच्या आत सायकल उचलून अंगणाबाहेर आणली आणि निघाले. बसस्टँडला सर्वांत आधी मी होते. राईड पूर्ण केली, मॅडमनी टाळ्या वाजवल्या, जालन्याच्या यादीत माझं नाव गेलं. सायकल इतकी हलकी चालत होती की काही पडलं की काय म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

परत आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. शेजारी क्रेट होतं, भरलेलं. सगळ्यात वर फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा, माझ्यासाठी.

"रिकामीच गेल्ती?" म्हणाली.

"हो."

"मंग दगडावर कोणी धरलं?"

"आई, मला सायकल येते."

"कल्याणला बी येत होती. मी सोडलं की पडायचा."

मग तिनं सांगितलं, की आजोबांच्या सायकलवर तुम्ही शिकलात तेव्हा अख्खा उन्हाळा कॅरिअर धरून तीच मागे पळत होती. (तुम्ही आम्हाला नेहमी सांगता, मी आपोआप शिकलो.) मी सहज विचारलं, मग तू गं? तू शिकलीस का?

"मला कोण धरून राह्यलं होतं?" एवढं म्हणाली आणि सोनूबाई काकूंना हाक मारून क्रेटमधला त्यांचा डबा परत देऊ लागली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मीठ संपलंय हे सांगावं, तसं म्हणाली.

ता. क. दुसरा. मंगळवार. बियाण्याची गाडी आली नाही म्हणून राधेश्याम अजून इथेच आहे, ते बरंच झालं. वर जे कॅरिअर काढून द्या असं लिहिलं आहे, ते रद्द समजावं. कॅरिअर अजिबात काढू नये. कॅरिअर धरायला लागतं.

हंगाम संपल्यामुळे ऊसगाड्या थांबायचं मैदान मोकळं आहे. काल सकाळी आईला घेऊन तिथं निघाले. निघायला फार उशीर झाला, आणि मामा, तो तिच्यामुळे झाला नाही. ती पदर खोचून केव्हाची फाटकाशी उभी होती. मीच म्हणत होते, हेल्मेट घाल, पट्टा नीट लाव, पाणी घे, चप्पल नको बूट घाल, माझे घाल, थांब नाडी बांधते. शेवटी तीच म्हणाली, "अगं माय, निघू दे की आता!" फाटकाबाहेर सोनूबाई काकू झाडत होत्या. त्यांनी विचारलंच, "कुठं चालल्या गं मायलेकी?" मी सवयीनं सायकल मागे वळवली. पण तुमची बहीण परत फिरली नाही. "सायकल शिकाया!" असं ओरडून सांगितलं आणि पुढे चालत राहिली. ना गूळ, ना पाणी.

शिकणं सुरू आहे. आई पायडलवर पाय ठेवते आणि डोळे मिटते. मी कॅरिअर धरून पळते, पण मला दम लागतो, आणि तिच्या ते बरोबर लक्षात येतं. म्हणून खरी विनंती ही, की येत्या रविवारी पहाटे तुम्ही यावं आणि कॅरिअर धरावं. कंबर दुखते हे माहीत आहे. तरीही यावं.

ता. क. शेवटचा. रविवारी तर जालन्याची राईड आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे. नाव काढा म्हणून सुरुची मॅडमना काल कळवलं. तुमच्या दुकानासमोर नंतर कधीतरी उतरेन, तोवर हवा भरून ठेवा. येताना पानाही आणू नका, मच्छिंद्रकाकांकडून घेतला. आईचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून सीट आजच पार खाली केली आहे. आता माझे गुडघे हँडलला लागतात.