सामनेवाला गैरहजर

नागाव,
ता. १२ डिसेंबर १९६१

ती. सौ. गोदाताईस,

श्यामलेचा नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. पालीला आता थंडी पडली असेल. इथे खाऱ्या वाऱ्यानं नुसती ओल. सुपारी उतरवून झाली, अंगणात वाळत घातली आहे. सासूबाईंना अजून सावल्यांपुरतंच दिसतं. भावोजींचा खोकला कसा आहे?

कोर्टाचं काय झालं, हे तू दोन्ही पत्रांत विचारलंस. निकाल माझ्यासारखा लागला. मी मोकळी झाले. दिनानाथ मास्तर माघात लग्न करू म्हणतात. एवढंच लिहून पत्र मिटणार होते, पण हात थांबला.

तुला ठाऊकच आहे, हे सुपारीचा माल घेऊन पडावानं मुंबईला निघाले आणि खांदेरीपाशी पडाव उलटला. खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. यांचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. म्हणून सासूबाईंनी मला कुंकू पुसू दिलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही.

हरेश्वर वकिलांनी नवा कायदा समजावून सांगितला. ज्यांना एरवी कळलं असतं, त्यांच्या कानावर सात वर्षं माणूस हयात असल्याचं आलं नाही, तर कोर्ट लग्न मोडून देतं. कागदावर मी अर्जदार आणि हे सामनेवाले.

मी म्हटलं, "समोर नाहीतच, मग सामनेवाले कसे?"

ते हसले. "अहो, तो कोर्टाचा शब्द. पट्टेवाला तीनदा नाव घेऊन हाक मारेल, तो पुकारा. कोणी आलं नाही की सामनेवाला गैरहजर. मग एकाच बाजूचं ऐकायचं, ते एकतर्फी काम. नुसता रिवाज आहे, घाबरू नका."

अलिबागेत त्या दुपारी लख्ख ऊन होतं. पट्टेवाला भागोजी व्हरांड्यात गेला आणि समुद्राकडे तोंड करून ओरडला, "मार्तंड केशव वर्तक, हाजीर हो!" ताई, इतक्या वर्षांत यांचं नाव इतक्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. दुसरी हाक झाली. तिसरी झाली.

"आलो, आलो."

जेवायला हाक मारली की वाडीतून द्यायचे, तशीच ओ. जराशी कंटाळलेली. अगदी जवळून.

भागोजी पायरी उतरून पटांगणात बघून आला. तोंड राखेसारखं झालेलं. न्यायाधीशांना म्हणाला, "कोनी न्हाय, साहेब." त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. वकील कागद चाळत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग मला पिंजऱ्यात उभं केलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं वदवून घेतलं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "तुमचे पती हयात असल्याचं या काळात काही तुमच्या कानावर आलं?"

कानात ती ओ अजून होती. मी मास्तरांकडे पाहिलं. ते मागच्या बाकावर टोपी हातात धरून बसले होते.

मी म्हटलं, "नाही."

बाहेर पडताना भागोजीनं मला गाठलं. "बाई, कोन व्हता त्यो?"

"तुम्ही पाहिलंत?"

"आवाज व्हता. मानूस न्हवता."

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. पायरीवर हातपाय धुवायचा तांब्या रिकामा, आणि फरशी ओली. मला वाटलं, शेजारच्या ठमाबाई येऊन गेल्या.

सासूबाई म्हणाल्या, "मार्तंड आला होता दुपारी. बस म्हटलं, तर म्हणाला, कोर्टात बोलावलंय, जाऊन येतो. भेटला का गं तुला?"

ताई, मी त्यांना कोर्टाचं काही सांगितलेलं नव्हतं. मास्तरांकडे शाळेच्या कामाला जाते, असं सांगून निघाले होते.

मी तशीच वाडीत गेले. पोफळींमधून लाटांचा आवाज येत होता. भीती वाटली नाही, लाज वाटली. मी म्हटलं, "अहो, निकाल लागला. कोर्टानं विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. मी दुसरं लग्न करते आहे. तुम्ही आता येऊ नका."

मी घराकडे वळले. मग विहिरीच्या अंगानं आवाज आला. "बरं."

एवढाच शब्द. रागाचा नव्हता गं. मी कधी काही मागितलं तर म्हणायचे, तसाच.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्या खूप रडल्या. मग म्हणाल्या, मास्तर भला माणूस आहे, लग्न कर, पण मला इथेच राहू दे. आम्ही दोघं त्यांच्याजवळच राहणार आहोत. लग्न ठरलं आहे. मी मागे फिरणार नाही. तू ये.

त्या ‘बरं’नंतर वाडीत पुन्हा आवाज नाही. सुटल्यासारखं वाटेल, असं मला वाटलं होतं. पण दिवेलागणीला हातातलं काम आपोआप थांबतं. इतकं कसं गं ऐकलं त्यांनी माझं?

कान देऊन बसलेली,
तुझी
श्यामला