जीप दम खाते

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. विषय एकच : जीप. चढावर ती मध्येच दम खाते, ओढच राहत नाही, आणि घरात सगळ्यांची तोंडं सुरू होतात. दोष मी शोधणार, तोही कुणाच्या मदतीशिवाय.

आधी शत्रूची नोंद. शत्रू म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मागच्या महिन्यात जीप मागून नेली, परत आणली तेव्हा डिझेलचा काटा खाली. टाकी भरली होती म्हणतो. भरली असेल, स्वतःच्या गाडीची! म्हणून तेव्हाच टाकीला नवं कुलपाचं झाकण बसवलं. आतून जाड रबर, हवासुद्धा आत-बाहेर होणार नाही अशी दुकानदाराची हमी. जुन्या झाकणाला तर चक्क बारीक भोक होतं. इतकी वर्षं मी भोकाचं झाकण घेऊन फिरलो! ते हत्यारांच्या पेटीत टाकलंय. नव्या झाकणाची किल्ली माझ्या गळ्यात.

५ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या घराच्या चढावर चाचणी. सासरे वर टेकडीवर एकटे राहतात, खाली यायला तयार नाहीत. त्या कच्च्या रस्त्यावर फक्त जीप चढते, म्हणजे पर्यायाने मीच चढतो. सासरवाडीत माझी किंमत आहे ती एवढ्यापुरतीच, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून तर ही जीप मी मरेपर्यंत सोडणार नाही.

निम्म्यावर गचके देत बंद पडली. उतरलो, चोरी झाली का ते पाहायला झाकण उघडलं. सुस्स्स! डिझेल जागच्या जागी. झाकण लावलं, जीपला दोन खणखणीत शिव्या दिल्या. एका फटक्यात सुरू, सरळ वर.
निष्कर्ष : जीपला धाक हवा.

९ फेब्रुवारी
डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. घराभोवती चार चकरा मारल्या, जीप झक्कास. दोष सापडला असं सगळ्यांना सांगून टाकलं. घराभोवती चढ कुठे आहे, असं बायकोने विचारलं. या बाईला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही.

११ फेब्रुवारी
चढावर पुन्हा बंद. झाकण उघडलं, सुस्स्स, डिझेल शाबूत. शिव्या. सुरू. या वेळी शिव्या जरा जास्त लागल्या.

१४ फेब्रुवारी
गॅरेजवाला एक नंबरचा आळशी. कोपऱ्यापर्यंत चालवून आणली आणि म्हणे काहीच झालेलं नाही. मग म्हणे टाकी बघू, किल्ली द्या. माझे कान टवकारले. हा आणि मेहुणा एकाच बाकावर बसून चहा पितात, मी डोळ्यांनी पाहिलंय. किल्ली दिली नाही. मग गाडी दुसरीकडे न्या म्हणाला. आनंदाने नेतो म्हणालो. दुसरीकडे म्हणजे घरी.

१७ फेब्रुवारी
डिझेलचे पाइप स्वतः बदलले. अंगाला, केसांना, उशीला डिझेलचा वास. बायको बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

२० फेब्रुवारी
बायकोने निर्वाणीचं सांगितलं. सव्वीसला तिच्या वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी जीप चढावर थांबली तर ती मेहुण्याला द्यायची. वडील वर एकटे असतात, रात्री-अपरात्री काही झालं तर तुमच्या शिव्यांवर गाडी चालणार आहे का, असं म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं, पण मी पाना उचलून जीपकडे वळलो. मेहुणा शेजारीच उभा होता, आणि त्याच्यासमोर मला वाईट वाटत नसतं.

२६ फेब्रुवारी, रात्री
सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी उलटसुलट सांगायला नको.
निघताना बायकोने हट्टाने आंघोळ करायला लावली, डिझेलचा वास म्हणे. किल्ली न्हाणीघरात खुंटीवर राहिली. जे झालं त्याला ती आंघोळ जबाबदार.

मागे मेहुणा, पुढे बायको, मांडीवर केकचा खोका. नेमकी शेवटच्या वळणावर जीप मेली. किल्ली नाही, तपासणी नाही. नुसत्याच शिव्या दिल्या, ठेवणीतल्यासुद्धा. ढिम्म! वरून सासरे कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. आम्ही येतोय असं त्यांना वाटत असावं. बायकोने चपला हातात घेतल्या आणि केक घेऊन चालायला लागली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मेहुण्याने जॅकचा दांडा घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत झाकण फोडलं. सुस्स्स! तो थबकला, फुटलेल्या झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटला. टाकीच्या तोंडाला फडकं बांधून त्याने जीप सुरू केली, वाटेत बहिणीला घेतलं आणि थेट वर. फोडलेल्या झाकणाच्या गाडीत बसणार नाही असं मी बाणेदारपणे सांगितलं होतं. कुणी आग्रह केला नाही. चालत पोचलो तेव्हा केक संपला होता.

३ मार्च
जीप मेहुण्याकडे. पेटीतलं भोकाचं झाकण लावून तो रोज वर जातो. एकदाही थांबली नाही म्हणे. माझ्या धाकाचा असर अजून टिकून असणार.

त्याने बायकोबरोबर निरोप पाठवलाय : पाण्याची बाटली तोंडाला घट्ट लावा, मध्ये हवा न घेता पीत राहा, काय होतं ते बघा. असल्या पोरखेळाला माझ्याकडे वेळ नाही.

३ मार्च, दुपार
न्हाणीघराचं दार लावून करून पाहिलं. बाटली चेपत गेली. मग पाणी येईना, कितीही ओढलं तरी. तोंड काढलं.
सुस्स्स.
बराच वेळ बादलीवर बसून राहिलो. बायकोने दार वाजवलं. वडिलांकडे जायला मेहुणा जीप घेऊन दाराशी आला होता, जीपची दुसरी किल्लीही त्याला द्यायची होती. दिली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, तुम्हीही चला, मागे जागा आहे.