दोन गाण्यांमधली हाक

१ नोव्हेंबर १९९८, बेलापूर
आलो एकदाचे! ट्रंका, स्टोव्ह, दयाची पेटी, सगळं टेम्पोतून धड उतरलं. दुकानामागच्या दोन खोल्या मालकांनी राहायला दिल्यात. मालक म्हणजे गहिनीनाथराव. टीव्हीला जोडून खेळायचे गेम भाड्याने देतात. हाताळून हाताळून डिस्क बाद होतात, म्हणून जुन्या डिस्कच्या प्रती काढायला मला नगरहून बोलावून घेतलं. दयालाही इथल्या शाळेत गाणं शिकवायचं काम मिळालंय, नाताळच्या गाण्यांसकट. बायको गाते आणि मी मशीनशी भांडतो, असा आमचा संसार. आल्या आल्या तिने रिकाम्या खोलीत एक तान घेऊन पाहिली. आवाज छान घुमतो म्हणाली. मी जाम खूश आहे.

४ नोव्हेंबर
काम सोपं आहे. डिस्क कॉम्प्युटरला वाचायला द्यायची, तिची हुबेहूब प्रत आत उतरते. मग पुन्हा एकदा वाचायची. प्रोग्रॅम दोन्ही प्रतींचा एकेक आकडा काढून देतो. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहायचो, तसंच. ताळा जुळला की प्रत खरी. जुळल्याशिवाय डिस्क गिऱ्हाइकाला द्यायची नाही, अशी मालकांची सक्त ताकीद. सगळ्या डिस्क मुकाट्याने जुळल्या. मोटारींच्या शर्यतीची एक मात्र हट्टाला पेटलीये. वाचावी तेव्हा वेगळाच ताळा. आणि अंगावर ओरखडा म्हणाल तर एक नाही.

६ नोव्हेंबर
मशीनचं भिंग पुसलं, केबल बदलली, वेग अगदी कमी केला. ताळा जुळेना. असलं अर्धवट काम मला जेवू देत नाही की बसू देत नाही. शेवटी दोन प्रती शेजारी ठेवून तपासल्या. गेम तंतोतंत सारखा. फरक फक्त एका जागी, शर्यतीमागे वाजणाऱ्या दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत.
दुपारी परत वाचायला लावली, तर दया ओले हात पुसत दुकानात आली. हाक का मारलीत, म्हणाली. मी मारलीच नव्हती. तिने ओसुद्धा दिली होती म्हणे. भूक लागली की मी मनातल्या मनातही हाका मारतो, असं सांगून मी तिला हसवलं.

७ नोव्हेंबर
ती शांतता आज स्पीकरवर ऐकली. आधी माझ्या आवाजात, “दया.” मग तिची ओ.
ही डिस्क कारखान्यातून छापून आलेली. हिच्यावर नवीन काही उमटूच शकत नाही. दयाला सांगितलं नाही. तिचा घसा सकाळपासून बसलाय, मिठाच्या गुळण्या चालल्यात.

१० नोव्हेंबर
एक खरी प्रत मिळाली की उलगडा होईल, म्हणून वाचतोच आहे. दर वेळी त्या जागेतला आवाज वाढतो. काल तिचं हसू होतं. आज नाताळच्या गाण्याची पहिली ओळ, स्वच्छ, गोड. इकडे दयाच्या तोंडून नुसती हवा येते. श्रीरामपूरच्या डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या भीमाबाई काढा घेऊन आल्या. दयाकडे पाहिलं आणि थेट विचारलं, कुणाच्या हाकेला ओ दिली होती का. “येका हाकंला ओ द्यायची न्हाई, पोरी. तीनदा हाक आली तरच मानूस समजायचं,” म्हणाल्या. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, असं मी जरा चिडूनच बोललो.
त्या गेल्यावर मी ही वही मागून चाळली. डिस्क वाचली की आवाज तिकडे वाढतो, इकडे कमी होतो. म्हणजे तिचा आवाज मीच — ताळ्याच्या नादात मीच ओढून नेला.

१४ नोव्हेंबर
दया पूर्ण मुकी झाली. पाटीवर लिहून बोलते. शाळेला काय सांगायचं, एवढंच लिहिलं आणि रडली. रडण्यालाही आवाज नाही.
डिस्क मोडून टाका, म्हणाले गहिनीनाथराव. मोडू कशी? दयाचा आवाज तिच्यात आहे. मशीन बंद केलं. वायर काढली. डिस्क आणि स्पीकर ट्रंकेत.

१५ नोव्हेंबर
ट्रंकेतून हाक. “अहो.”
दयाचा आवाज. दया माझ्यासमोर बसलीये, ओठ मिटलेले. तोंड उघडायचं नाही म्हणून लिहितोय —

पुन्हा. “अहो, ऐकलंत का?” लाडात आली की अशीच — अगदी अशीच —

दया मान हलवतेय. नको, नको. पाटी शोधतेय. माझ्या तोंडावर तिचा हात, गार —

तिसरी हाक. तीन झाल्या. तिसरीला माणूस समजायचं म्हणाल्या होत्या ना भीमाबाई? तिचाच आवाज, आत अडकलेला, मला बोलावतोय. मी ओ दिली नाही तर तिला कोण — दया, हात काढ — एकदाच —