मायच्या बांगड्या, दुधाचं पातेलं

९ मार्च २०२५, रविवार

चालू झाला! धूर नाही, जळका वास नाही, फ्यूज शाबूत. एका ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर — तोही बंद पडलेल्या स्टॅबिलायझरमधून उपसून काढलेला जाडजूड म्हातारा ट्रान्झिस्टर. असं सर्किट कुठल्या पुस्तकात नाही. दोन आकृत्यांचं लग्न मीच लावून दिलं.

ही जात फार तापते. गाणं लावा न लावा, तापतेच. उष्णता पसरवायला ॲल्युमिनियमचा मोठा तुकडा लागतो. माझ्याकडं तुकडा नव्हता, दुधाचं पातेलं होतं. पालथं घातलं, बुडाला भोकं पाडली, ट्रान्झिस्टर कसून टाकला.

दीनानाथ — आमचे यजमान — गच्चीवरच्या खोलीत डोकावले. "अगं, पातेलं कुठंय? दूध कशात तापवू?"

मी बोट दाखवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दूध तापवणं त्यांच्याकडं आहे. पातेल्याकडं असे बघत राहिले की मलाच कसंतरी झालं. तरी हात लावून म्हणाले, "तापलंय की बराबर! दूध यातच ओतू का?"

ते खाली गेल्यावर मायची कॅसेट लावली. भाकरीच्या थापा आल्या. मायचा आवाज आला. बांगड्या नाही आल्या.

१० मार्च

कॅसेटचं एकदा नीट लिहून ठेवते.

राधेश्याम, माझा धाकटा भाऊ, टेंभुर्णीला शेती बघतो. कॉलेजात असताना त्यानं औरंगाबादहून टेपरेकॉर्डर आणला. आवाज भरतो का बघायला चुलीपुढं नेऊन ठेवला. माय भाकरी थापत होती. "राध्या, ते डबडं उचल, पीठ उडून राह्यलं!" म्हणाली आणि स्वतःच हसली. मग नुसत्या थापा, आणि थापेथापेला काचेच्या बांगड्या. बस्, एवढंच आहे त्यात. पण पुढच्याच साली दादा — आमचे वडील — गेले आणि मायच्या हातात पुन्हा काच चढली नाही. भरल्या हाताची माय आता फक्त त्या कॅसेटमध्ये आहे.

माय गेली त्या वर्षी राध्यानं आणि मी ती शेवटची ऐकली होती. बांगड्या स्पष्ट होत्या. मला पक्कं आठवतं. मग कॅसेट हरवली. यंदा घराला चुना देताना राध्याला पेटीच्या तळाशी सापडली, तर स्वतः घेऊन आला. "अक्का, तुझ्याकडं मशिनी हायत. आखितीला सगळे जमू, तूच वाजव."

अक्षय तृतीयेला आमच्यात मायबापाच्या नावानं पाण्याचा करा पूजतात. यंदा ३० एप्रिलला. तोवर बांगड्या वाजल्या पाहिजेत. साध्या स्पीकरवर माय डब्यात बसून बोलल्यासारखी येते. मला ती चुलीपुढं बसलेली पाहिजे!

१४ मार्च, धुळवड

खाली गल्लीत रंग, वर मी. टेपचं हेड, म्हणजे कॅसेटवरून घासत आवाज वाचणारा भाग, स्पिरिटनं पुसलं. कापूस काळा झाला. वाटलं, सापडलं! कॅसेट लावली — थापा आल्या, बाकी काही नाही.

शिवाय आवाजाखाली एक बारीक गुरगुर आहे. कधी असते, कधी नसते. का?

१८ मार्च

गुरगुर सापडली! मजाच आहे. आपल्या ॲम्प्लिफायरमध्ये ती नाहीच, बाहेरून येते. शहराबाहेर पोलाद वितळवायच्या भट्ट्या आहेत, त्या चालू असल्या की विजेच्या तारेतूनच चालत घरात येते. आज भट्ट्यांना सुट्टी, तर आवाज कसा निवळ! चार कोस लांब कोणी लोखंड वितळवतंय आणि ते माझ्या पातेल्यात ऐकू येतंय. जेवताना दीनानाथांना हे सगळं समजावून सांगितलं.

"मंग भट्टीवाल्यांनाच सांग ना, आमच्या उमाबाईंची कॅसेट आहे, जरा दमानं घ्या."

वीजपुरवठ्यात एक जाड कॉइल टाकली. गुरगुर अर्धी झाली. बांगड्या मात्र निवळ दिवशीही नव्हत्या. म्हणजे त्या गुरगुरीखाली दबल्या नव्हत्या. एक शंका तरी मिटली.

२३ मार्च

काल आमच्या कारखान्यात — एमआयडीसीत आम्ही बियाणं साफ करून, प्रतवारी लावून पोत्यात भरतो — मोठी चाळणी बंद पडता पडता वाचली. मी दुरून चालले होते. थांबले. "माऊली, डावीकडचं बेअरिंग बघ." माऊली ऑपरेटर. उघडून बघितलं तर गोळ्या झिजून गेलेल्या!

"ताई, तुमचा कान हाय का यंत्र?"

फुशारकी नाही, पण माझी मेंटेनन्सची नोकरी या कानावरच झाली. मीटर नंतर लावते, कान आधी. म्हणून तर कंपनीनं दिलेली कानाची बुचं माझ्या कप्प्यात तशीच पिशवीबंद पडून आहेत. माऊली इमानदारीत घालतो आणि मलाही सांगतो, "घाला ताई, डोकं दुखणार न्हाई." आता बूच घातलं तर बेअरिंग कसं ऐकू येणार? डॉक्टरनं नाडी बघताना हातमोजे घालावेत तशी गत.

हाच कान घरी बांगडीपुढं टेकीला आलाय.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड, गुढी, आणि दुपारभर सोल्डरिंग. बारीक, उंच आवाज तेवढे वेगळे उचलून मोठे करणारा एक टप्पा आज मध्ये घातला. आधी थोडा वाढवला. मग जास्त. मग प्रमाणाच्या बाहेर!

दीनानाथ चहा घेऊन आले. ते आले की मी कॅसेट थांबवते. मायला ऐकताना मला शेजारी कोणी नको असतं, आणि त्यांना ते माहीत आहे. म्हणून हा टप्पा नुसत्या रेडिओवर दाखवला. बातम्या चालल्या होत्या.

"टोचतंय गं. कानात सुई घातल्यासारखं."

"मला तर अजून मऊच वाटतंय."

"तुझं सगळं उलटंच असतं," म्हणाले आणि चहा ठेवून पळाले. बातम्या काय, भजन काय, दोन्ही सारखंच ऐकणारा माणूस! मनावर घेतलं नाही.

२ एप्रिल

ट्रान्झिस्टर आज नेहमीपेक्षाही जास्त तापतोय. काही वाजत नसताना! कुठं चाललीय ही वीज?

६ एप्रिल, रामनवमी

मोठा शोध. ॲम्प्लिफायर आपला आपणच वाजत होता!

सुंठवडा घेऊन दीनानाथ वर आले आणि दारातच थबकले. "ही शिट्टी कशाची वाजून राह्यली?"

"कसली शिट्टी?"

"अगं ही काय, बारीक. कुकरची असावी तशी. ऐक ना!"

मी ऐकलं. खोली शांत. वाटलं, माझी फिरकी घेतायत. पण चेहरा आंबट झालेला, आणि एक कान बोटानं बंद. मग गंधालीनं — लेक पुण्याला असते — पाठवलेलं एक ॲप फोनवर उघडलं. आवाज किती उंच आहे ते त्यात रेघेनं दिसतं. आणि खरंच! दहा हजार हर्ट्झच्या आसपास एक रेघ ताठ उभी! उंच आवाजाचा टप्पा मी इतका ताणला होता की सर्किट स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडत होतं. म्हणून तर विनाकारण तापत होतं. एक चिमुकला कपॅसिटर योग्य जागी टाकला. रेघ पडली. पातेलं निवलं.

"गेली शिट्टी," दीनानाथ म्हणाले.

काय तिखट कान आहेत माणसाचे! इतकी वर्षं कॅशवर बसून नाणी वाजवून घेतली, त्याचा परिणाम असणार. पातेल्यापायी मी आजवर त्यांना फक्त दूधवाला समजत होते.

१३ एप्रिल

हेडच्या शेजारी एक पिटुकला स्क्रू असतो. त्यानं हेड केसभर कलतं. कलणं चुकलं की बारीक आवाज मरतात, बरोबर बसलं की जिवंत होतात. हे मला आधी का नाही सुचलं! मूळ जागा चुकायला नको म्हणून नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि फिरवायला लागले. डावीकडं. उजवीकडं. पार टोकापर्यंत.

काहीही फरक नाही! हे मात्र चमत्कारिक आहे. निदान बिघडायला तरी पाहिजे होतं. ठिपक्यावर परत आणून ठेवला.

यात काहीतरी आहे. काहीतरी डोळ्यासमोर आहे आणि मला दिसत नाही.

१४ एप्रिल

दिवसभर चाळणीपाशी उभी असताना तोच विचार. माऊलीनं दोनदा हाक मारली म्हणे, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला. "ताई, ध्यान कुठं हाय?" ध्यान बांगड्यांत.

२० एप्रिल

कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

कॅसेटची फीत हेडवर घासत जाते. प्रत्येक वेळी थोडी झिजते, आणि सगळ्यात आधी झिजतात ते बारीक, उंच आवाज. जाड आवाज टिकून राहतात. म्हणजे थापा राहणार, माय राहणार, बांगड्या आधी जाणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी मार्चपासून मी ती किती वेळा फिरवली! हा टप्पा घालून बघ, तो काढून बघ, स्क्रू पिळून बघ. पेटीच्या तळाशी होती तोवर बांगड्या सुखरूप असतील. मी शोधायला गेले आणि शोधता शोधता घासून टाकल्या.

खूप रडले आज. दीनानाथ बाजूला येऊन बसले. मग म्हणाले, "पातेलं देऊ नको परत. राहू दे तुलाच." त्यावर हसू आलं, आणि परत रडू आलं.

२१ एप्रिल

कॅसेट डब्यात बंद. आखितीपर्यंत हात लावायचा नाही.

२७ एप्रिल

राध्याला फोन केला. सगळं सांगितलं. फीत झिजली, बांगड्या गेल्या, माझ्या हातून गेल्या.  तिकडं मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "अक्का, माय तर हाय ना त्यात? मंग झालं. तू काय मुद्दाम केलं का? ऊन लय हाय, आम्ही पहाटंच निघतो."

मुद्दाम नाही केलं. पण केलं तर मीच.

तरीही आज ॲम्प्लिफायर नीट खोक्यात बसवला. उंच आवाजाचा टप्पा काढून टाकला. आता काय उचलायचं त्यानं? मूळ साधं सर्किट ठेवलं, तेच सगळ्यात गोड वाजतं. पातेल्याला घासून लख्ख केलं. वायरी एका रेषेत बांधल्या, आत कोणी बघणार नसलं तरी. रेडिओवर सनई लावली. वा! एका ट्रान्झिस्टरचं घरचं यंत्र, पण माणूस समोर बसून फुंकतोय असं वाटलं. दुःखात सुद्धा मला हे आवडलंच, काय करू!

गंधाली उद्या येतेय. तिनं आजीला बांगड्या घातलेलं कधी बघितलंच नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

करा पूजला. आमरस-पुरणाचा नैवेद्य झाला. मग सगळे वर आले, दीनानाथांनी सतरंजी टाकली. मी आधीच सांगून टाकलं, बांगड्या नाहीत यात, थापा ऐका. आणि कॅसेट लावली.

"राध्या, ते डबडं उचल—" माय बोलली. हसली. थापा सुरू झाल्या.

राध्याच्या डोळ्यांना धार. माझ्याकडं वळून म्हणाला, "अक्का, तू तर गेल्या म्हणल्तीस!"

"काय गेल्या?"

"बांगड्या. या काय, वाजून राह्यल्या की."

मी दीनानाथांकडं बघितलं. ते मान डोलवत होते. "केवढा स्वच्छ आवाज आहे गं," म्हणाले. मी त्यांचं तोंड बघत राहिले. मग त्यांची मान डोलायची थांबली. त्यांना रामनवमीची ती शिट्टी आठवली असणार. मलाही तीच आठवली.

गंधालीनं ओळखलं. जवळ सरकली, माझा हात मांडीवर घेतला, आणि प्रत्येक बांगडीला माझ्या मनगटावर बोट टेकवत गेली. आता. आता. आता.

मी ते मोजत राहिले.