एकविसावा ब्रश

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात वाकलो आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला?

माझी बदली झाली, हे कळवायचं राहूनच गेलं. आता मी बालगृहांची नोंदणी आणि तपासणी बघतो. म्हणजे खिडक्या, संडास, पलंग आणि मुलं मोजायची, ह्याच क्रमाने. मंगळवारी पहिल्याच तपासणीला गेलो. वीस मुलींचा परवाना. दारातच घेराव! एकीने माझी पिशवी तपासली, दुसरीने चष्मा, तिसरीने टक्कल (शेरा दिला नाही, नुसती हसली). पलंग वीस, ताटं वीस, मुली वीस. संचालिकाबाई शिस्तीच्या, सगळं कसं आखीव. 'समाधानकारक' असं लिहून टाकणार, तेवढ्यात हात धुवायला न्हाणीघरात गेलो. भिंतीवर दात घासायचे ब्रश अडकवलेले. सवयीने मोजले, तर एकवीस! नको तिथे नाक खुपसायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. पलंगांखाली वाकलो (कंबर तिथेच धरली), माळ्यावर चढलो (उतरवायला दोन मुली लागल्या) आणि शेवटी चादरींचं कपाट उघडलं. आत पाच-सहा वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शांतपणे म्हणाली, "मला मोजायचं नसतं."

बाईंचा चेहरा खाडकन उतरला. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी तिला पायरीवर सोडून गेलं होतं. जागा नाही म्हणून नोंदवली नाही आणि हाकलवेना म्हणून ठेवली. "नोंदवली तर परवाना जाईल, नाही नोंदवली तर तुम्ही आज धरलंतच. सांगा, काय करू?" मी कपाटासमोरच फतकल मारली. नोंद नसलेलं मूल उद्या नाहीसं झालं, तर कुणी शोधायलाही जाणार नाही. त्यासाठीच तर हे रकाने. मी लिहिलं, मुली एकवीस. तिने कागदात डोकावून विचारलं, "म्हणजे मला ताप आला, तर आता दवाखान्यात नेतील?" नेतील म्हटलं, तशी ती कपाटातून उतरली. बाई पदराने डोळे पुसत होत्या. मी खिडक्या पुन्हा मोजायला घेतल्या.

तुझा,
धाकटा

ता.क. साहेबांनी परवाना राखला, पण महिन्याच्या आत तिला सांभाळणारं घर मिळालं पाहिजे. अर्ज सोबत आहे. तुझं नाव मी भरलंय, सही तेवढी बाकी.

ता.क. २ पोरगी दिवसाला दीडशे प्रश्न विचारते. भावजींना हे आधी सांग. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नाही ना!